बरणीतली चटणी

मालनबाई सूर्यवंशीच्या चटणीत फरक पडला, असं म्हणायची छाती सांगलीच्या त्या अख्ख्या सोसायटीत कुणाची नव्हती. म्हणाले ते तिचेच मालक, दिनकरराव. तेही बुधवारी, भर दुपारी, पहिल्याच घासाला.

"चटणी बदलली काय गं?"

मालनबाईचा हात तव्यावरच्या भाकरीवर होता. तिनं भाकरी उलटली, फुगू दिली, मगच मान वळवली.

"चटणी न्हाई बदलली. तुमची जीभ बदलली. सत्तरी उलटली की माणसाचं एकेक सामान परत जातं. आधी दात, मग जीभ. गप जेवा."

दिनकरराव गप जेवले. एसटीत कंडक्टर म्हणून जन्म काढलेला माणूस. भांडणारी हजार तोंडं पोटात घालायची सवय होती, त्यात हे एक घरचं.

आता आमच्याकडं चटणी म्हणजे ताटात डावीकडं वाढतात ती नव्हे. चटणी म्हणजे वर्षाचं तिखट. मिरची, कांदा, लसूण, खोबरं, धणे, तीळ, सगळं भाजून-तळून, डंक्यावर कुटून, बरणीत दाबून भरलेलं. उन्हाळ्यात एकदा करायची आणि वर्षभर पुरवायची. आमटीत तीच, रस्श्यात तीच, पिठल्यात तीच. घरची चटणी कशी, यावरून घरची बाई कशी हे ठरतं. आणि मालनबाईची चटणी म्हणजे सासूच्या हाताची चटणी, असा तिचा लौकिक होता.

लौकिक खरा होता. चटणी पुड्यातली होती.

त्याचं असं झालं. एकतीस वर्षांमागं गावाकडचं घर सोडून ही दोघं सांगलीत फ्लॅटमध्ये आली. पहिल्याच उन्हाळ्यात मालनबाईनं घाई केली. कांदा नीट वाळला नव्हता, तसाच तळून घातला. महिन्याभरात बरणीचं झाकण काढलं तर वर बुरशीची पांढरी गोधडी. चार किलो चटणी तिनं पिशवीत भरून कॅनॉलला सोडली. आणि दुसऱ्या दिवशी नणंद यायची होती, इंदूआक्का. हीच इंदूआक्का लग्नात सगळ्यांदेखत म्हणाली होती, "आमच्या आईची चटणी हिला कशाची जमतीय!" मालनबाईनं कोपऱ्यावरच्या दुकानातून 'तांबडमळा' कंपनीचे चार पुडे आणले, बरणीत ओतले, वरून दाबले. इंदूआक्का जेवली, बोटं चाटली आणि म्हणाली, "आता आली बाई आईच्या हाताची चव."

त्या एका वाक्यानं मालनबाईचे परतीचे दोर कापले. तेव्हापासून दर एप्रिलमध्ये ती थोडं खोबरं, थोडा लसूण भाजायची, जिन्यात वास सुटण्यापुरता. बाकी सगळं पुड्यातलं. रिकामे पुडे घडी करून दुधाच्या पिशवीत कोंबायचे, पिशवी बादलीत. बादली खाली नेऊन ओलं-सुकं वेगळं करायचं काम दिनकररावांचं. एकतीस वर्षं कुणाला पत्ता नाही.

म्हणूनच पुड्यातली चव बदलली तेव्हा मालनबाईची पंचाईत झाली. दिनकररावांच्या आधी पंधरा दिवस तिला ते कळलेलं होतं. रंग तोच, तर्री तीच, वासही तोच. पण घास गिळल्यावर घशाखाली जो लसणाचा जाळ रेंगाळायचा, तो नव्हता. तोंडात सगळं होतं आणि गिळल्यावर काहीच नव्हतं. दुसऱ्या कंपनीची आणावी तर वासावरून पकडली जाणार. घरी करावी तर गुडघे गेलेले, आणि ती पांढरी गोधडी अजून डोळ्यांपुढून हलत नव्हती.

दिनकरराव फिरायला बाहेर पडल्यावर तिनं स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या फोनला पुड्यावरचा नंबर वाचून दाखवला, एकेक आकडा बोट ठेवून. आता फोनवर माणसं नसायचीच. यंत्र बोलायचं, गोड आवाजात.

"तांबडमळा परिवारात आपलं स्वागत आहे. आपलं नाव?"

"सौ. पाटील." सांगलीत पाटील सांगितलं म्हणजे नाव न सांगितल्यासारखंच.

"आपण आमची कांदा-लसूण चटणी किती वर्षांपासून वापरता?"

"मी कशाला वापरू? आमची घरची असती. शेजारीण वापरती. तिला बोलायचं धाडस न्हाई, म्हणून मी बोलतेय."

"शेजारीणबाईंची तक्रार काय आहे?"

"चव गेलीय म्हणती. माल कमी घालताय का?"

यंत्रानं लपवलं नाही. सगळं नीट समजावून सांगितलं. मालनबाई चौथीपर्यंत शिकलेली, पण तिला अक्षर न् अक्षर कळलं. सरकारनं पुड्यातल्या मसाल्यांमधलं मीठ निम्म्यावर आणायचा कायदा केला होता. त्यात उन्हाळे असे वाढलेले की लसूण आणि खोबरं धड पिकत नव्हतं. तेव्हा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी वेगळीच वाट काढली. जिभेवर बारीक बारीक दारं असतात. खाऱ्याचं दार वेगळं, तिखटाचं वेगळं. मिठाचा कण येऊन त्याचं दार उघडतो, तेव्हा मेंदूला निरोप जातो की खारट आहे. शास्त्रज्ञांनी यीस्टच्या पेशीत फेरफार केला, मोठमोठ्या टाक्यांत ते आंबवलं आणि त्यातून एक नवा पदार्थ काढला. तो स्वतः खारट नाही, तिखटही नाही. तो एवढंच करतो, की जिभेची दारं आधीच किलकिली करून ठेवतो. मग निम्मं मीठ, निम्मी मिरची, निम्मा लसूण पुरतो. माणसाला अपाय शून्य. एक लाख लोकांना खायला घालून पाहिलं, शंभरातल्या सत्त्याण्णवांना फरक कळला नाही.

"म्हंजे माल निम्मा आणि जिभेला थाप," मालनबाई म्हणाली.

"आम्ही त्याला आरोग्यदायी सुधारणा म्हणतो."

"आमच्यात त्याला पाणी घातलेलं दूध म्हणत्यात."

"आपल्या मताचा आम्ही आदर करतो. या नंबरवरून आधीची एक तक्रार चालू आहे. ही तक्रार तिलाच जोडू का?"

"आधीची कुठली? मी पयल्यांदाच बोलतेय. तुझंबी डोकं निम्म्यावर आणलंय वाटतं," असं म्हणून तिनं फोन बंद केला.

मग चष्मा लावून पुडा पालथा केला. मागं मुंगीएवढ्या अक्षरांत बरंच काही छापलं होतं. अगदी खाली एक ओळ जुन्या पुड्यावर नव्हती. तिनं ती बोटानं लावली. पा-ळी-व प-क्ष्यां-ना दे-ऊ न-ये.

"पोपटाला कोण चटणी घालतंय," ती पुटपुटली आणि पुडा दुधाच्या पिशवीत गेला.

*

दिनकरराव रोज नाही, पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी म्हणायचे. "ते हे नाही गं." एवढंच. मालनबाईला तेवढंही झोंबायचं. शेवटी ती त्यांना हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेली. तिथं आता जिभेवर कागदाची पट्टी ठेवली की यंत्रातून जिभेचा सगळा हिशेब बाहेर यायचा. दिनकरराव बाहेर चपला घालत होते. आतली मुलगी हसून म्हणाली, "आजोबांची जीभ एकदम मस्त आहे. पन्नाशीच्या माणसासारखी."

मालनबाई कागद घडी करून बाहेर आली.

"काय म्हणाली?"

"बिघडलीय म्हणाली. वयानं व्हतंय असं."

दिनकररावांनी मान हलवली. जिना उतरताना त्यांनी तिचा हात धरला होता. तिच्या गुडघ्यांसाठी. तिनं घरी येऊन कागद बरणीखाली सरकवला.

पुढच्या रविवारी रणजित आला, एकुलता एक, तासगावकडं त्याची द्राक्षबाग. बरोबर सून सायली. मालनबाईनं रस्सा केला. दिनकररावांनी दोन घास खाल्ले आणि वाटी थोडी पुढं ढकलली. ढकलली म्हणजे काय, चार बोटं.

रणजित दिवसभराचा तापलेला होता, बागेत औषध मारून आलेला. तो भडकला. "आबा, आई या वयात उभं राहून करते. खायचं तर खा, नाहीतर उठा. रोज रोज काय हे? जीभ तुमची बिघडली, बोल तिला!"

मालनबाई डाव घेऊन उभी होती. त्या वेळी तिनं एक शब्द बोलायचा होता. तिनं रणजितच्या वाटीत आणखी एक डाव वाढला.

दिनकररावांनी वाटी परत जवळ ओढली आणि संपवली. त्यानंतर त्यांनी चटणीचं नाव काढलं नाही. रात्री भाकरी दुधात कुस्करून घ्यायला लागले. रणजितशी बोलायचे, पण पाऊस आणि बाजारभाव एवढंच.

अडीच महिन्यांनी एका सकाळी ते बूट घालायला पायरीवर बसले आणि उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, त्रास झाला नसेल. चटणीचा काही संबंध नव्हता. मालनबाईनं ते दोनदा विचारून घेतलं, वेगवेगळ्या शब्दांत.

ती रडली नाही. बायका जमल्या, गळ्यात पडल्या, "रडून मोकळी हो गं" म्हणाल्या. तिनं विचारलं, "गॅसवर दूध ठेवलं व्हतं, उतू गेलं काय?" नऊ दिवस ती उठत होती, आंघोळ करत होती, आलेल्याला पाणी देत होती. अंगाला चिमटा काढला असता तर तो शेजारणीला काढल्यासारखा वाटला असता. इंदूआक्का मुक्कामाला होती. जाता-येता म्हणायची, "दगूड हाय बाई, दगूड."

*

दहाव्या दिवशी सगळे कृष्णेच्या घाटावर. घाटही आता पूर्वीचा राहिला नव्हता. वर पत्र्याची मोठी शेड, खाली ओळीनं कट्टे, कट्ट्यांना नंबर. प्रत्येकाला पाऊण तास. तेवढ्यात कावळा शिवला तर ठीक, नाहीतर गुरुजी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावायचे आणि पुढच्या घरचे ताटकळत उभे असायचेच.

यांचा कट्टा नंबर सात. गुरुजींनी भाताचे पिंड मांडले. दिनकररावांनी जन्मात कोरडा भात तोंडात घातला नव्हता, म्हणून मालनबाईनं डब्यातला रस्सा पिंडावर ओतला. लालभडक तर्री भातावरून ओघळली. सगळे मागं सरले.

कावळे होते. चार-पाच समोरच्या भिंतीवर बसलेले. एक खाली उतरला, तिरका तिरका चालत पिंडापाशी आला. चोच पुढं केली. आणि चटका बसल्यासारखा मागं उडाला. दगडावर चोच घासू लागला, एकदा या अंगानं, एकदा त्या अंगानं.

"अजून येईल," गुरुजी म्हणाले.

दुसरा आला. तोही तसाच.

मग बोलणी सुरू झाली. इंदूआक्कानं पदर पुढं केला. "दादा, काय राह्यलं असंल मनात तर सोड. मालनला आम्ही अंतर देणार न्हाई." सायली म्हणाली, "आबा, मी आईंना आमच्याकडं घेऊन जाते." कावळे भिंतीवर. पंधरा मिनिटं गेली, वीस गेली. आठ नंबरवाल्यांचा कावळा आल्या आल्या शिवला आणि ते पंचे पिळायला लागले.

"तिखट तर झालं नसंल?" इंदूआक्का म्हणाली.

"पाखरांना तिखट कळतच नाही, आत्या," रणजित म्हणाला. "त्यांच्या चोचीत मिरची झोंबत नाही. पोपट खातोच की. कारण वेगळं आहे. कारण मी आहे."

तो उघड्या अंगानं, ओल्या धोतरात पुढं गेला आणि कट्ट्यासमोर गुडघ्यांवर बसला. चाळिशीचा बाप्या, पोरासारखा. "आबा, मी ताटावर बोललो तुम्हाला. खायचं तर खा, नाहीतर उठा म्हणालो. त्यानंतर तुम्ही माझ्याशी धड बोलला नाहीत. चुकलो मी. परत कधी, कधीच..."

तिसरा कावळा उतरला. चोच लावली. उडाला. दगडावर चोच घासली.

मालनबाई ते बघत होती. हे चोच घासणं तिनं कुठं तरी बघितलेलं होतं. रणजितच्या बागेत. घडांवर पाखरं हाकलायचं औषध मारलं की साळुंक्या तारेवर बसून अशाच चोची घासायच्या. रणजितनंच सांगितलं होतं, माणसाला याचं काही होत नाही, आपण खाल्लं तर गोड वाससुद्धा येतो, पण पाखराला चोचीत आग होते. देवानं त्यांची दारं वेगळी केली आहेत.

दारं. पा-ळी-व प-क्ष्यां-ना दे-ऊ न-ये.

तिला सगळं एकदम लख्ख कळलं आणि तरी आत काही हललं नाही. कळलं, एवढंच. दिनकरराव कुठं अडकले नव्हते. पुडा अडकला होता.

सुटकेची वाट अगदी सोपी होती. डब्यात कोरडी भाकरी होती. "त्यास्नी भाकरी आवडायची," असं म्हणून एक तुकडा वर ठेवायचा. कावळा झडप घालणार. कुणी काही विचारणार नाही. सगळे म्हणणार, रणजितनं माफी मागितली, तेव्हा सुटला जीव. बरणी शाबूत राहणार.

आणि रणजित मरेपर्यंत तेच धरून बसणार.

ती पुढं झाली. गुडघे कटकट वाजले.

"ऊठ."

"आई, जरा थांब."

"ऊठ म्हणते ना. कावळा तुझ्यापायी न्हाई अडला. माझ्या चटणीपायी अडलाय." तिनं वळून इंदूआक्काकडं बघितलं, सरळ डोळ्यांत. "चटणी माझी न्हाई. तांबडमळ्याची हाय, पुड्यातली. एकतीस वर्षं. कंपनीनं त्यात नवं औषध घातलंय, पाखरास्नी ते सोसत न्हाई. रणजित, तुझ्या बापाची जीभ शाबूत व्हती. डॉक्टरीणबाईनं तसं लिहून दिलेलं. मी खोटं सांगितलं."

आठ नंबरवाल्यांनी पंचे पिळायचं थांबवलं.

तिनं हात नदीत धुतले, भाकरीचा तुकडा मोडला आणि पिंडाच्या माथ्यावर ठेवला. ती दोन पावलंही मागं आली नव्हती, तोवर कावळा उतरला, भाकरी उचलली आणि गेला.

"शिवला, शिवला!" कुणीतरी ओरडलं.

"पिंडावरूनच उचलली. शिवला म्हणायचा," गुरुजी घड्याळ बघत म्हणाले आणि नऊ नंबरकडं वळले.

इंदूआक्का अजून तोंडाकडं बघत होती. मालनबाई उभी राहिली, येऊ दे काय यायचं ते म्हणून.

"कंचा पुडा?" इंदूआक्कानं हळूच विचारलं. "लाल का हिरवा?"

"लाल."

"आमच्यात हिरवा," इंदूआक्का म्हणाली आणि पदरानं तोंड पुसलं. "तुझ्या गुडघ्याच्या आधीच माझं खांदं गेलं बाई."

परतताना रणजित गाडी चालवत होता. सोसायटीच्या दारात गाडी थांबवून, समोर बघतच त्यानं विचारलं, "मग त्या दिवशी मला थांबवलं का नाहीस?"

मालनबाईनं गाडीचं दार उघडलं आणि गुडघे धरत उतरली.

*

तेराव्याचं जेवण उरकलं. पाहुणे गेले, इंदूआक्का गेली. रणजित जाताना पाया पडायचं म्हणून पडला, पण "येतो" म्हणाला नाही. भांडी निथळत होती. मालनबाई खुर्चीवर बसली होती आणि भिंतीवरचा फोन वाजला.

"तांबडमळा परिवारातून बोलत आहे. श्री. दिनकर सूर्यवंशी आहेत का?"

"न्हाईत."

"त्यांची तक्रार चार महिने चालू आहे. ती बंद करण्याबाबत विचारायचं होतं. आपण त्यांच्या घरच्या का?"

"कसली तक्रार?"

"वाचून दाखवू का?"

तिनं खुर्ची पुढं ओढली. यंत्रानं तोच होकार धरला.

"पहिली नोंद. चटणी बदलली आहे. जुनी द्यावी. दुसरी नोंद. पुन्हा कळवतो. आमच्याकडं तुमचीच चटणी गेली कित्येक वर्षं आहे. रिकामे पुडे सुक्या कचऱ्यात मीच टाकतो, तेव्हा मला खात्री आहे. पण घरात ती घरची म्हणून चालते, म्हणून दुसऱ्या कंपनीची आणा असं मला म्हणता येत नाही. तरी आपणच काय ते करावं."

मालनबाईचे हात मांडीवर होते. ती हातांकडं बघत होती.

"तिसरी नोंद. जिभेची तपासणी झाली. बरणीखालचा कागद मी वाचला. जीभ चांगली आहे. पण आता घरात हा विषय काढायची सोय राहिलेली नाही. तुम्ही जुनी चटणी परत सुरू केली, तर सगळं आपोआप मिटेल. कुणाचं चुकलं हा प्रश्नच येणार नाही. कृपया लवकर करावं."

"अजून?" मालनबाई म्हणाली.

"एवढंच आहे. कंपनीनं जुनी कृती परत आणायचा निर्णय घेतलेला नाही. तक्रार बंद करू का? हो किंवा नाही म्हणा."

ओट्यावर बरणी होती. तिच्या खालून कागदाचं एक टोक बाहेर आलेलं होतं. दिनकररावांनी वाचून परत ठेवताना ते तसंच राहिलं असणार. इतके दिवस तिला दिसलं नव्हतं.

"न्हाई."

"तक्रारदार पुढं बोलू शकतील का?"

"न्हाई. आता मी बोलीन."

"तर तक्रारदाराचं नाव बदलावं लागेल. आपलं नाव?"

"मालन दिनकर सूर्यवंशी."

"धन्यवाद. आपण आमची चटणी किती वर्षांपासून वापरता?"

"एकतीस," मालनबाई म्हणाली. "लिही. एकतीस वर्षं."